दूध किती देते, एवढंच विचारू नका : सोलापूरच्या जिल्हाधिकाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, सोलापूर
आणि जिल्ह्यातले पशुसंवर्धन खात्याचे सर्व अधिकारी

स. न. वि. वि.

गेल्या चैत्रात आमच्या गोठ्यात विम्याचा माणूस आला होता. पोरगा भला होता. चहा नको म्हणाला, ताक प्यायला. तीन जर्शींचे फोटो काढले, कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावरचा १२ आकडी नंबर उतरवला आणि प्रत्येकीपुढे उभं राहून एकच प्रश्न विचारला, दूध किती? पहिलीचं १४ लिटर, दुसरीचं ११, तिसरी गाभण, आटलेली. मग तो हरणीपुढे आला. हरणी आमची खिलार, पाचव्या वेताची. शिंगं मागे वळून वर गेलेली, अंग चुन्यासारखं पांढरं, अनोळखी माणूस दिसला की पुढचा पाय आपटते. तो दोन पावलं मागे सरकला आणि लांबूनच विचारलं, "हिचं?"

"वासराचं सोडून तीन."

त्याने मनात गुणाकार केला आणि मान हलवली. "मावशी, हिची किंमतच बसत नाही. हिचा कशाला उतरवताय?"

त्याच्यावर माझा राग नाही. रोजच्या लिटरवर जनावराचं मोल धरायचं, असंच त्याला शिकवलेलं. फॉर्मात रकाना तेवढाच. पण तो गेल्यावर मी गव्हाणीशी बसून विचार करत राहिले, की वर्षानुवर्षं जे जे कागद आमच्या गोठ्यात आले, कर्जाचे, अनुदानाचे, प्रदर्शनाचे, त्या सगळ्यांत हाच रकाना होता. आणि दुसरीकडे ३० सप्टेंबर २०२४ ला याच राज्य सरकारने देशी गाईला ‘राज्यमाता-गोमाता’ जाहीर केलं. म्हणजे सभेत माता आणि कागदावर तीन लिटर. या दोन्हींच्या मध्ये हरणी उभी आहे आणि तिला रोज वैरण मी घालते, म्हणून हे पत्र लिहायचा हक्क माझा आहे असं मी धरते.

माझं माहेर मंगळवेढ्याच्या काळ्या रानातलं, सासर दक्षिण सोलापूर तालुक्यातलं, विजापूर रस्त्याच्या आत. रान साडेचार एकर. १९ वर्षं शहरात दुधाचा रतीब घालते. आधी एसटीने किटली घेऊन जायचे, आता मुलगा मोटरसायकलवर कॅन लावून जातो आणि महिनाअखेरीला हिशेबाला मी जाते. शिक्षण बारावी. वही मात्र रोज लिहिते.

आधी एक गोष्ट सांगून टाकते, नाहीतर तुम्हाला वाटेल ही बाई जर्शीच्या विरोधात आहे. (होल्स्टिन असो की जर्सी, संकरित गाय म्हटली की आमच्याकडे ती जर्शीच.) माझ्या मुलीचं नर्सिंगचं शिक्षण जर्शीच्या दुधावर झालंय. दहा दिवसांनी हातात रोख येते ती तिच्यामुळे. १९७० साली दुधाचा महापूर योजना सुरू झाली आणि १९९८ पासून आपला देश दुधात जगात पहिला आहे, त्यात या गाईचा आणि म्हशीचा वाटा मोठा आहे हे नाकारणं म्हणजे खाल्ल्या घरचे वासे मोजणं. आमच्या जिल्ह्याचं नाव लावून मिरवणाऱ्या पंढरपुरी म्हशीचं तर मी कौतुकच करते. तलवारीसारखी शिंगं आणि कोरड्या वैरणीवर निभावणारं पोट. तेव्हा भांडण गाई-गाईंत नाही. भांडण मोजमापाचं आहे.

जर्शीच्या १४ लिटरमागे काय लागतं ते बघा. सरकी पेंड, गोळीपेंड, मका, मुरघास, खनिज मिश्रण. एप्रिलमध्ये सोलापूरचा पारा ४२-४३ ला गेला की ती जीभ काढून धापा टाकते. पत्र्याखाली पंखा, अंगावर पाण्याचा फवारा, तरी दोन-तीन लिटर कमी होतंच. कासदाह, म्हणजे कासेची सूज, झाला तर एखादा सड कायमचा जाऊ शकतो आणि डॉक्टरची फी, औषधं वेगळी. दुधाचा भाव तर आमच्या हातात कधी नव्हताच. २०२४ च्या जुलैत ३.५ फॅट, ८.५ एसएनएफला (म्हणजे फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग) लिटरला ३० रुपये दर आणि वर सरकारचे ५ रुपये ठरले. ऑक्टोबरात २८ आणि ७. पेंडेच्या पोत्याचा भाव मात्र असा कुणी बसून ठरवत नाही, तो आपला आपण चढतो. आणि जर्शीला गोऱ्हा झाला की घरात सगळे गप्प होतात. वशिंड नाही, ऊन सोसत नाही, जू मानेवर टिकत नाही. त्याचं करायचं काय?

हरणीला गोऱ्हा झाला तेव्हा माझ्या सासऱ्यांनी पेढे वाटले होते.

खिलार मुळात दुधासाठी घडवलेली गायच नाही, हे तुम्हाला खात्यातले लोक सांगतीलच. माणदेशात, म्हणजे आटपाडी, म्हसवड, सांगोला, जत, मंगळवेढा या कमी पावसाच्या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या निवडून निवडून ही जात तयार झाली ती चालीसाठी आणि ताकदीसाठी. खिल्लार म्हणजे मुळात कळप. कळप राखणाऱ्यांनी घडवलेलं जनावर, तेच नाव जातीला पडलं. तिच्याकडून १४ लिटरची अपेक्षा धरणं म्हणजे पैलवानाला विचारणं, की तुझं टायपिंग स्पीड किती?

तिचा गोऱ्हा आम्ही १४ महिने सांभाळला. रोज सकाळी अंगण ते ओढा चालवला, खरारा केला, वेसण घालायच्या वेळी पोरं त्याच्या गळ्यात पडून रडली. आदत असतानाच, म्हणजे दुधाचे दात पडायच्या आधी, सांगोल्याच्या बाजारात ८२ हजारांना गेला. मोठी रक्कम ऐकून बिचकू नका. शर्यतीचा बैल निघाला तर याच्या कैक पट भाव होतो. २०१४ साली सुप्रीम कोर्टाने शर्यती थांबवल्या तेव्हा खोंडांना गिऱ्हाईक उरलं नव्हतं. मी माझ्या भावाला चांगला कोसा खोंड मातीमोल देताना पाहिलंय. डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर परवानगी मिळाली, मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा मान्य केला आणि बाजारात पुन्हा खिलारभोवती गर्दी झाली. मला स्वतःला शर्यत फारशी आवडत नाही. शेपटी पिरगाळणारे, काठीला खिळा लावणारे अजून आहेत आणि त्यांना आत टाकायला हवं. पण एका कोर्टाच्या निकालाने एका गाईच्या जातीचा भाव पडतो आणि दुसऱ्याने चढतो, यावरून एवढं तरी कळतं की तिची किंमत दुधात नव्हतीच. ८२ हजार रुपये विम्याच्या कोणत्या रकान्यात बसवायचे?

सगळेच खोंड शर्यतीला जात नाहीत. दोन बैल आमच्या दावणीला आहेत, तेही हरणीच्या आईचे. रब्बीची ज्वारी आम्ही तिफणीनेच पेरतो. ट्रॅक्टर भाड्याने येतो, पण वाफसा असतो दोन दिवस आणि ट्रॅक्टर गावात एकच, नंबर लागतो चौथ्या दिवशी. तोवर ओल गेली. कोळपणीला तर बैलाशिवाय गत नाही. ज्वारी गुडघ्याएवढी झाल्यावर दोन ओळींतून ट्रॅक्टर कसा घालणार? २०१९ च्या विसाव्या पशुगणनेने सांगितलं, की मागच्या गणनेपेक्षा देशात संकरित गोवंश २७ टक्क्यांच्या आसपास वाढला, देशी ६ टक्क्यांनी घटला आणि गोवंशातले नर तर जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. पाच-दहा एकरवाल्याला तो आकडा वाचून काही वाटणार नाही. दोन एकरवाल्याला विचारा.

आता वैरण. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचे सत्कार झाले, फोटो छापून आले. त्या ज्वारीचा कडबा कुणाच्या पोटात जातो, हे कुणी बोललं नाही. दाणा माणसाचा, कडबा गाईचा, शेण रानाचं, आणि त्या रानातून पुन्हा दाणा. आमच्या आजीकडे गंजी रचायची पद्धत होती; पेंढ्यांची कणसाकडची बाजू आत, बुडखे बाहेर, वर उतार, म्हणजे पाऊस आला तरी आतला कडबा दोन वर्षं पिवळाधमक. हरणी अजून त्यावरच आहे. सकाळी पाच पेंढ्या, संध्याकाळी पाच, व्यायल्यावर थोडं आंबोण. जर्शीला नुसता कडबा टाकला तर ती माझ्याकडे अशी बघते जणू मी तिच्या ताटात दगड वाढले.

ज्याला कडबा परवडत नाही तो उसाचं वाडं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, घालतो. उजनीमुळे जिल्ह्यात ऊस झाला आणि वाडं फुकटात मिळू लागलं. पण वाड्यात ऑक्झलेट असतं, ते अंगातलं कॅल्शियम बांधून ठेवतं. नुसतं वाडं खाणारी गाय व्यायल्यावर बसते आणि उठत नाही. चुन्याची निवळी नाहीतर खनिज मिश्रण द्यावं, वाडं एकटं घालू नये, हे प्रत्येक गावात फलकावर लिहून लावायला काय लागतं? तुमचे पशुधन विकास अधिकारी हे सांगतात, पण त्यांच्यामागे गावं इतकी असतात की सांगायला पोहोचेपर्यंत गाय बसलेली असते.

२०१९ च्या उन्हाळ्यात माहेरी चारा छावणीत आठ दिवस राहिले. भाऊ आजारी होता, जनावरांपाशी कुणीतरी हवं होतं. शेकडो जनावरं, ऊसच ऊस, पाण्याचा टँकर आला की हंबरडा. मोठ्या जनावरामागे दिवसाला ९० रुपये, पुढे १०० रुपये सरकार छावणी चालवणाऱ्याला देत होतं. तिथे मी डोळ्यांनी पाहिलं, की जर्शींची हाडं वर आली आणि खिलारी तशाच उभ्या, नाकात फुरफुर कायम. दुष्काळ संपल्यावर ज्यांच्याकडे खिलार उरली त्यांनी दुसऱ्या महिन्यात पेरणी केली. बाकीचे बैल शोधत फिरले. दुर्गादेवीच्या दुष्काळाच्या आणि दामाजीपंतांच्या कोठाराच्या गोष्टी आम्ही लहानपणापासून ऐकतो. कोठार उघडलं हे सगळ्यांना ठाऊक. पुढच्या पावसात नांगर कुणी ओढले असतील?

कधीतरी वाटतं, या जिल्ह्यात राहून गाईचं महत्त्व पटवून देण्याची पाळी यावी हेच नवल. संक्रांतीला सोलापूरच्या रस्त्यांवरून खांद्यावर निघतात ते सात ध्वज नंदीचे. सिद्धरामेश्वरांच्या यात्रेत ६८ लिंगांना तैलाभिषेक होतो, संमती कट्ट्यावर अक्षता पडतात, लाखभर लोक ‘हर्र बोला हर्र’ म्हणतात. ज्या मंगळवेढ्यात बसवेश्वरांनी बिज्जळ राजाच्या पदरी कारभार पाहिला, तिथली मी. बसव हा कन्नड शब्द, अर्थ बैल. तिकडे पंढरपुरात आषाढीचा शेवट होतो गोपाळपूरच्या काल्याने. देव गुराख्यांचा, प्रसाद गुराख्यांच्या शिदोरीचा. ज्ञानोबांच्या पालखीचा रथ ओढण्याचा मान आपल्या बैलजोडीला मिळावा म्हणून शेतकरी वर्ष-वर्ष जोडी तयार करतात. आणि आमच्या सीमेवरच्या गावांत ज्येष्ठी पौर्णिमेला कारहुणवी, बैलांचा सण. त्याच दिवशी वटपौर्णिमा. म्हणजे आम्हा बायकांनी सकाळी उपाशीपोटी वडाला सूत गुंडाळायचं आणि लगेच पुरणाचा घाट घालायचा, कारण संध्याकाळी बैलांना नैवेद्य. शिंगांना हुरमुंज, वर बेगड, गोंडे, पाठीवर झूल, आणि वेशीपाशी कर, म्हणजे तिथे बांधलेलं तोरण, तोडायला सगळा गाव. पश्चिमेकडच्या तालुक्यांत हाच सण महिन्याने, आषाढात, बेंदूर म्हणून. आता कितीतरी घरांत बैलच नाही. मातीची जोडी आणतात, पुजतात आणि दुसऱ्या दिवशी कोनाड्यात ठेवतात. ट्रॅक्टरलाही हार घालतात, घालू देत, पण ट्रॅक्टरला पुरणपोळी भरवता येत नाही.

शहरात रतीब घालते म्हणून अजून एक गोष्ट मला रोज दिसते. पूर्व भागात माझी निम्मी गिऱ्हाइकं. साच्यावर, म्हणजे यंत्रमागावर, काम करणारे, विड्या वळणाऱ्या बायका. तेलुगू बोलतात, मला ‘पाल अक्का’ म्हणतात. (पालु म्हणजे दूध हो. पहिल्या दिवशी मीही दचकले होते.) तिथे पाव लिटर दुधात पाच माणसांचा दोन वेळचा चहा होतो. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या पोषण संस्थेने सांगितलंय, की मोठ्या माणसाच्या रोजच्या आहारात ३०० मिलिलिटर दूध किंवा दही असावं. देशाचं उत्पादन माणशी वाटलं तर २०२३-२४ मध्ये दिवसाला ४७१ ग्रॅम येतं. वाटलं तर! माझ्या पाव लिटरवाल्या घरातल्या पोराच्या वाट्याला चहात पडतं तेवढंच. २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची १०० पैकी ३५ मुलं वयाच्या मानाने खुजी निघाली. मी ती मुलं नावानिशी ओळखते.

दुधात काय आहे हे पुस्तकात असेल, मला मुलीने समजावलं तसं सांगते. ज्वारीच्या भाकरीत लायसिन नावाचा घटक कमी पडतो, तो दुधात भरपूर. म्हणजे आपल्या आज्या भाकरी दुधात कुस्करून द्यायच्या ते उगाच नाही. एका पेल्यात, २०० मिलिलिटर म्हणा, साधारण साडेसहा ग्रॅम प्रथिनं आणि २४० मिलिग्रॅम कॅल्शियम. आणि बी-१२. आपला जिल्हा माळकऱ्यांचा आणि लिंगायतांचा, अंडं-मटण ज्यांच्या घरात येत नाही अशी हजारो घरं. त्यांना बी-१२ मिळतं ते दूध-दही-ताकातूनच. गरोदर बाईला ताक पाजणं हा आमच्याकडे फक्त पाहुणचार नव्हता.

इथे थोडं खरंही बोलायला हवं, कारण गाईच्या नावाने खोटं फार विकलं जातं. देशी गाईचं तूप ‘ए-टू’ म्हणून हजारोंच्या भावाने विकतात. ए-वन आणि ए-टू हा दुधातल्या एका प्रथिनाचा फरक आहे, तो खरा आहे. पण त्याने अमुक रोग होतो नि तमुक बरा होतो हे सिद्ध झालेलं नाही. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑगस्ट २०२४ मध्ये असे दावे काढायला सांगितलं आणि चार-पाच दिवसांत तो आदेश मागेही घेतला. गोमूत्राने कर्करोग जातो म्हणणारा माणूस दारात आला तर मी त्याला शेतावर फवारायला पाठवते, तिथे त्याचा उपयोग आहे. आणि धारोष्ण दूध पिऊ नका, कितीही आजोबा सांगोत. जनावरांच्या सांसर्गिक गर्भपाताचा जंतू कच्च्या दुधातून माणसाला लागतो. उकळा आणि प्या. माझ्या हरणीचं दूध चांगलं आहे ते ताजं आहे म्हणून, त्यात पाणी नाही म्हणून. तिला थापांची गरज नाही.

शेणाचा हिशेब तर कुणी विचारतच नाही. एक खिलार दिवसाला आठ-दहा किलो शेण टाकते, जर्शी त्याहून बरंच जास्त. चौघींचं आणि बैलांचं मिळून आमचं दोन घनमीटरचं गोबरगॅस चालतं. त्याला रोज ५० किलो शेण लागतं. वर्षाकाठी सिलिंडर दोन, पाहुणे जास्त आले तर तीन. उरलेली रबडी रानात. सांगोल्याकडचे डाळिंबवाले शेणखताची ट्रॉली शोधत आमच्यापर्यंत येतात, कारण जनावरं घटली आणि बागा वाढल्या. २०० लिटरच्या पिंपात १० किलो शेण, १० लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती घालून जीवामृत करतो, एकराला एक पिंप. त्याने चमत्कार होत नाही. पण ज्या तुकड्याला सहा वर्षं शेणखत पडलं तिथली ढेकळं हातात फुटतात आणि शेजारच्या तुकड्यातली पहारीने.

हे सगळं एका पारड्यात ठेवा. आता दुसऱ्या पारड्यातलं सांगते, ते जड आहे.

२०२२ मध्ये लम्पी आला. बाजार बंद, वाहतूक बंद. हरणीच्या अंगावर गाठी उठल्या, पाय सुजला, नऊ दिवस ती बसली नाही, उभ्यानेच कण्हायची. लस तुमच्या खात्याने फुकट टोचली, त्याबद्दल मनापासून आभार, पण आमच्या वाडीवर ती पोहोचेपर्यंत तीन वासरं गेली होती. हरणी वाचली. गेली असती तर तिचं मोल तीन लिटर.

मग भाकड जनावराचं. गाईच्या कत्तलीला राज्यात १९७६ च्या कायद्यापासून बंदी आहे, २०१५ पासून बैल आणि वळूही त्यात आले. हरणीला मी तशीही विकणार नव्हते. आमच्या घरात ते होत नाही. पण माझ्या घरची गोष्ट वेगळी आणि ज्याच्याकडे एकच गोठा, एकच बैल आणि त्याचा पाय मोडलेला, त्याची वेगळी. कायदा करणाऱ्यांनी त्याच्या वैरणीचं काय ते सांगितलं नाही. तो शेवटी दावं सोडतो. रात्री. मग ते जनावर तुमच्या शहरात कचराकुंडीपाशी पिशव्या खाताना दिसतं आणि वर्तमानपत्रात मोकाट जनावरांची बातमी येते. मोकाट काही जन्मत नाही हो.

राज्यमाता म्हटल्यावर सरकारने गोशाळांना देशी गाईमागे दिवसाला ५० रुपये ठरवले. चांगलं केलं. पण नीट बघा, हे पैसे कधी सुरू होतात? गाय शेतकऱ्याच्या दारातून गेल्यावर. मी सांभाळली तर शून्य, मी टाकली तर ५०. आईला घरात ठेवलं तर काही नाही, वृद्धाश्रमात घातली तर महिन्याला दीड हजार. ही योजना मुंबईत ठरली, तुमच्या हातात नाही, हे मला कळतं. पण जिल्ह्याचा अहवाल तुमच्या सहीने जातो. त्यात एवढं लिहा, की हे ५० रुपये, नाहीतर त्याचे निम्मे, भाकड देशी गाय आणि म्हातारा बैल स्वतःच्या दावणीला ठेवणाऱ्या शेतकऱ्याच्या खात्यात यावेत. बिल्ला कानात आहेच, नंबर ऑनलाइन आहेच. छावणीत दिवसाला १०० रुपये देता येत होते तर दावणीला २५ देता येतील.

तुमच्या हातात जे आहे तेही सांगते. विमा कंपन्यांची आणि बँकांची बैठक तुमच्याकडे होते. तिथे खिलारच्या किमतीत वासराचा बाजारभाव, बैलाचं काम आणि वेतांची संख्या धरायला लावा. दुसरं, कांडी, म्हणजे वळूच्या गोठवलेल्या वीर्याची नळी. गाय माजावर आली की भरवायला आमच्या हातात एक रात्र नाहीतर एक दिवस असतो; चुकलं की २१ दिवस थांबा. गेल्या वर्षी हरणीसाठी दवाखान्यात गेले तर होल्स्टिनच्या कांड्या होत्या, खिलारची नव्हती. "मावशी, हीच भरू का? दूध वाढेल," असं तिथल्या माणसाने विचारलं. पुन्हा दूध! मी गाय परत आणली, दोन माज वाया गेले, शेवटी १८ किलोमीटरवरच्या एका वळूकडे चालवत नेली. तालुक्याच्या प्रत्येक दवाखान्यात नायट्रोजनच्या टाकीत खिलारच्या चांगल्या वळूच्या चार कांड्या कायम असाव्यात, एवढंच मागणं आहे. आणि पूर्व भागातल्या अंगणवाड्यांत मुलांना आठवड्यातून तीन दिवस पेलाभर दूध द्यायचं ठरवलंत तर जिल्ह्यातल्या दुधाला गिऱ्हाईक मिळेल आणि त्या पोरांनाही. भुकटी नको, दूध. पुरवठ्याचं टेंडर एवढं मोठं काढू नका की पुण्याचा ठेकेदार घेऊन जाईल.

शेवटचं काम येत्या जानेवारीतलं आहे. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धरामेश्वरांच्याच, यात्रेला तुम्ही नंदीध्वजांच्या पूजेला असालच, रेशमी फेटा बांधून, दरवर्षी फोटो येतो. त्याच दिवसांत जनावरांचा बाजार भरतो. तिथे माणसं दोन-दोन मुक्काम करतात, उघड्यावर. मागच्या खेपेला पाण्याच्या टाकीला तोटी नव्हती, मी बादलीने चार जनावरांना पाजलं आणि रांगेतल्या म्हाताऱ्याने त्याच बादलीतून स्वतः प्यायलं. अर्ध्या बाजाराला सावली नाही, डॉक्टर सकाळी एक फेरी मारून गेला. पाणी, मांडव, दिवसभर एक डॉक्टर आणि बायकांसाठी एक संडास, एवढं करा. हरणीची कालवड तेव्हा १० महिन्यांची असेल. विकायला नाही आणणार, नुसती दाखवायला आणणार आहे.

आपली,
दक्षिण सोलापूर तालुक्यातली एक रतीबवाली शेतकरीण